गल्ली किती मीटरची?

आमच्या कॉलनीतल्या कोपऱ्यावरच्या बंगल्याला गेल्या दिवाळीनंतर निळे पत्रे लागले. तेव्हापासून संध्याकाळी गल्लीत चार माणसं उभी राहिली की एकच विषय निघतो. किती मजले होणार? पाण्याचं काय? गाड्या कुठे लावणार? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून कुणीतरी विचारतंच, "आपल्याला न विचारता हे असं करता येतं का?"

जळगावच्या जुन्या कॉलन्यांमध्ये आज जिकडेतिकडे हेच चाललंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिक्षकांनी, बँकेतल्या आणि एसटीतल्या नोकरदारांनी, केळी-कापसाच्या पैशांतून शहरात एक पाय ठेवू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी इथे प्लॉट घेतले आणि बैठी घरं बांधली. ती पिढी आता थकली. मुलं पुण्याला, नाशिकला. एका घराच्या चार वाटण्या करता येत नाहीत, म्हणून घर विकलं जातं किंवा बिल्डरला दिलं जातं. यात मी कुणाला दोष देणार नाही. उद्या आमच्या घरावरही ही वेळ येईल.

पण "करता येतं का" या प्रश्नाचं उत्तर गल्लीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे सगळं पैशाने होतं, कुणी म्हणे कोर्टात गेलं की काम थांबतं. दोन्ही मला पटेना. म्हणून वर्षभर वेळ काढून नगररचनेचे नकाशे आणि नियम समजून घेतले. त्यातलं जे कॉलनीत राहणाऱ्या माणसाच्या खरोखर उपयोगाचं आहे, ते इथे मांडतो.

सुरुवात एफएसआयपासून, कारण हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि त्याचा हिशेब फार थोड्यांना येतो. मराठीत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. प्लॉट जेवढा आहे त्याच्या किती पट बांधकाम करायला परवानगी आहे, तो आकडा म्हणजे एफएसआय. प्लॉट 300 चौरस मीटरचा आणि एफएसआय 1 असेल, तर सगळे मजले मिळून 300 चौरस मीटर. बस, एवढंच.

हा आकडा पूर्वी गावागणिक वेगळा असे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून बाकी महाराष्ट्रासाठी एकच नियमावली लागू केली. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, सगळी त्याच छत्राखाली आली. आमच्या गल्लीत पाच मजले कसे उभे राहू शकतात, याचं उत्तर या नियमावलीच्या एका तक्त्यात आहे, आणि तो तक्ता बघताना मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते त्याच्या पहिल्या रकान्याचं. त्यात प्लॉटची माहिती नाही. त्यात समोरच्या रस्त्याची रुंदी आहे.

महापालिकेच्या हद्दीत, गावठाणाची दाट वस्ती सोडून बाहेरच्या भागात, मूळ एफएसआय 1.10. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबायचं. रस्ता 9 मीटर किंवा त्याहून रुंद, पण 12 च्या आत असेल, तर शुल्क भरून 0.50 विकत घेता येतो आणि टीडीआर वापरून आणखी 0.40. बेरीज 2.00. रस्ता जसा रुंद होत जातो तशी ही बेरीज चढते. 30 मीटरच्या रस्त्यावर ती मूळ तक्त्याप्रमाणे 3.00 पर्यंत जाते. त्याशिवाय राहत्या इमारतीला बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज अशा गोष्टींसाठी शुल्क भरून 60 टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळतं.

आता हे आमच्या कोपऱ्यावर लावून बघा. प्लॉट 300 चौरस मीटरचा धरू. रस्ता 9 मीटरहून कमी असता, तर 300 गुणिले 1.10 म्हणजे 330, त्यावर 60 टक्के धरून 528 चौरस मीटर. चारही बाजूंनी जागा सोडून एका मजल्याचं बांधकाम 190 चौरस मीटरच्या आसपास बसेल असं समजलं, तर तीन मजले होतात. तोच प्लॉट 9 मीटरच्या रस्त्यावर आला की 300 गुणिले 2 म्हणजे 600, त्यावर 60 टक्के धरून 960. पाच मजले. खाली पार्किंगचा मोकळा तळ निराळा. प्लॉट तोच, गल्ली हातभर रुंद, आणि दोन मजल्यांचा फरक.

टीडीआर म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो. वाघूर किंवा हतनूर धरणात शेत गेलेल्या माणसाला मोबदला मिळाला, हे आपल्याला माहीत असतं. शहरात रस्त्यासाठी किंवा बागेसाठी कुणाची जमीन घ्यायची असेल, तर रोख मोबदल्याऐवजी बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र देता येतं. तो माणूस ते प्रमाणपत्र बिल्डरला विकतो. बिल्डर ते आपल्या प्लॉटवर वापरतो. म्हणजे रुंद झालेला रस्ता पिंप्राळ्याकडे असेल आणि त्यातून निघालेला मजला आमच्या गल्लीत चढेल. कायद्याने यात गैर काही नाही. शहराला रस्ता फुकटात मिळतो. पण मजला ज्या गल्लीत येतो, त्या गल्लीच्या पाण्याच्या पाइपाचा इंच वाढत नाही, याचा हिशेब या व्यवहारात कुठेच लिहिलेला नसतो. मला यातली खरी उणीव तिथे दिसते.

तर मुद्दा रस्त्याच्या रुंदीचा. एका रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण टेप घेऊन गल्ली मोजायला निघालो. मंजूर लेआउटच्या नकाशावर आमची गल्ली 9 मीटर आहे. तोंडाशी कंपाउंड ते कंपाउंड मोजली, 9 मीटर भरली. मधे एका ठिकाणी 8.70 भरली, तिथलं कंपाउंड कधीतरी पुढे सरकलेलं. मग मोकळा रस्ता किती, ते मोजलं. दोन्ही बाजूंचे ओटे, गाडी चढवायचे रॅम्प, फुलझाडांचे वाफे, दोन ठिकाणी कायमच्या उभ्या चारचाकी, एका घरासमोरची पाण्याची टाकी. हे सगळं सोडलं तर उरली साडेपाच मीटर. रुग्णवाहिका जाते, पण समोरून रिक्षा आली तर एकाला मागे घ्यावं लागतं.

टेप गुंडाळताना सगळे जरा गप्प होते. कारण नकाशावर 9 मीटर म्हणून पाच मजले मंजूर होणार होते, आणि ते 9 मीटर आम्हीच साडेपाच करून ठेवले होते.

माझा ओटाही त्यात आहे. आमच्याकडे ओट्याशिवाय घर पुरं होत नाही. गावाकडच्या धाब्याच्या घराला पुढे दगडी ओटा असायचा. मजुरी करून आलेला माणूस आधी तिथे टेकायचा, मग घरात जायचा. शहरात आलो, सिमेंटची घरं बांधली, तरी गेटाबाहेर दोन फुटांचा ओटा बांधलाच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला गेला की दिवसभर दारं बंद, आणि सूर्य कलला की रस्त्यावर पाणी मारून सगळी गल्ली ओट्यांवर. भाजी तिथे निवडली जाते, कुरडया-पापडांची मदत तिथे मागितली जाते, कुणाच्या मुलीचं स्थळ कुठून आलं ते तिथेच कळतं. पत्रे लागलेल्या त्या बंगल्याचा ओटा कोपऱ्यावरचा म्हणून सगळ्यांत लांब होता. तो पहिल्याच दिवशी जेसीबीने काढला. शेजारच्या जिजी धुळ्याकडच्या. त्या अजूनही अहिराणीतच बोलतात. त्या मला म्हणाल्या, "ओटाच नही ऱ्हायना, मंग बठानं कोठे बापू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याच्या नजरेत तो ओटा रस्त्यावरचं अतिक्रमण होता. आणि ज्याला आपण कॉलनीतलं राहणं म्हणतो, त्यातलं निम्मं त्याच ओट्यावर चालायचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हा पेच सोडवायला नियमावलीत एकही कलम नाही.

जुन्या जळगावात हाच पेच फार पूर्वीपासून वेगळ्या रीतीने हाताळला गेलाय. तिथे कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासून. एवढा उंच, जड रथ अरुंद गल्ल्यांतून फिरवायचा तर चाकांखाली मोगरी लावणारी माणसं लागतात. मोगरी म्हणजे लाकडी पाचर. ती कधी लावायची, कुठल्या चाकाला, केव्हा काढायची, हे घराण्यात शिकलेलं कसब. वळणावर रथ एका ओट्याला हात लावता येईल इतका जवळून जातो आणि त्या ओट्यावर माणसं उभी असतात. तिथल्या लोकांना आपली गल्ली किती रुंद आहे हे टेपशिवाय माहीत असतं, कारण वर्षातून एकदा रथ ती मोजतो. विकास योजनेच्या नकाशात असा गावठाणाचा भाग दाट वस्ती म्हणून वेगळ्या रेषेने दाखवलेला असतो आणि त्याला बाजूच्या जागांचे, एफएसआयचे नियम वेगळे लागतात. रस्ता रुंद करायचा असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा आखली जाते. त्यानंतर जो कुणी घर पाडून नव्याने बांधतो त्याला त्या रेषेच्या मागे सरावं लागतं. म्हणून जुन्या पेठेत एखादं नवं घर चार फूट आत आणि शेजारचं जुनं पुढे, असं दातरं दिसतं. ते चुकून झालेलं नसतं.

आता ओपन स्पेसकडे येतो. या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

शेतजमीन बिनशेती करून तिचे प्लॉट पाडतात तेव्हा लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो. जमीन 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर तिचा 10 टक्के भाग मोकळा सोडणं बंधनकारक आहे. जमीन दोन हेक्टर असेल तर 2000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 20 गुंठे. हा ओपन स्पेस लेआउटमधल्या सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असतो. मूळ मालकाने तो दुसऱ्याला विकायचा नसतो, त्याचे प्लॉट पाडायचे नसतात. करमणुकीच्या, खेळाच्या कामापुरतं मर्यादित बांधकाम तेवढं त्यात चालतं.

यात आपण एक विसरतो. आपण प्लॉट घेतला तेव्हा त्या 10 टक्क्यांची किंमत आपण भरलेली असते. मालकाने मोकळ्या सोडलेल्या जमिनीचे पैसे उरलेल्या प्लॉटांच्या भावात धरलेले असतात. म्हणजे तो तुकडा कुणी आपल्यावर उपकार म्हणून दिलेला नाही. माझ्या वडिलांनी प्लॉटचे हप्ते भरताना त्या ओपनचेही भरले होते.

तरीही पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो, आणि तो होण्याची जागा कागदात असते. लेआउट मंजूर होतो, प्लॉट विकले जातात, ज्याच्या त्याच्या नावावर उतारे होतात. ओपन स्पेसचा उतारा मात्र कित्येकदा मूळ मालकाच्याच नावावर पडून राहतो, कारण तो आपल्या नावावर करायला कुणी गेलेलंच नसतं. पंचवीस-तीस वर्षांनी मालक वारतो, वारसांची नावं लागतात, भाव गगनाला भिडलेले असतात, आणि एक दिवस तिथे तारेचं कुंपण दिसतं. भांडण तेव्हा सुरू होतं. उतारा दहा वर्षं आधी बघितला असता तर ते टळलं असतं.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. सातबारा आणि सिटी सर्व्हे झाला असेल तिथे मालमत्ता पत्रक, हे दोन्ही ऑनलाइन निघतात. ओपनचा गट आणि प्लॉट नंबर टाकून ते काढले. मंजूर लेआउटची नक्कल माहितीच्या अधिकारात मागितली. अर्जाला 10 रुपये लागतात आणि 2005 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशाची प्रत हातात आली तेव्हा कळलं, आमचा ओपन सतरा गुंठ्यांचा आहे. आम्ही आयुष्यभर तो बारा-तेरा समजत होतो. बाकीचा भाग एका बाजूने हळूहळू शेड, गोठा आणि बांधकामाच्या वाळूखाली गेला होता. वाळू ज्याची होती तो आमच्यातलाच. त्याला नकाशा दाखवला, त्याने आठ दिवसांत उचलली. शेडचं अजून चाललंय.

त्या ओपनमध्ये दोन मोठे कडुनिंब आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. घरात गौराई बसते, सांजोऱ्या होतात, आणि झाडाला झोका बांधल्याशिवाय तो सण वाटत नाही. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या मुली याच दोन झाडांवर झुलल्या. आता ज्यांच्या घरी अंगण राहिलं नाही त्यांचाही झोका इथेच येतो. दोन वर्षांपूर्वी दोर बांधायला फांदीचा वाद झाला होता, इतकी गर्दी. शहरातलं झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी लागते, स्वतःच्या कंपाउंडातलं असलं तरी. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 2021 च्या दुरुस्तीने आणखी कडक संरक्षण मिळालं. पत्र्यांमागच्या बंगल्यातला निंब परवानगी घेऊनच तोडला गेला, तो कागद आम्हाला दाखवलाही गेला. तरी त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा ते अख्खं अंगण उन्हात पडलेलं बघितलं आणि जिवाला लागलं.

ज्या भागांना ओपन स्पेसच नाही, त्यांची अवस्था याहून वाईट. शेतमालकाने लेआउट न करता एक-एक, दोन-दोन गुंठे स्टँपपेपरवर विकले, लोकांनी घरं बांधली. त्याला गुंठेवारी म्हणतात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. गरीब माणसाला परवडलं तेवढं त्याने घेतलं. सरकारने 2001 मध्ये अशा वस्त्या नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. नियमित झालं की नळ मिळतो, कर्ज मिळतं. पण न सोडलेली मोकळी जागा आणि न सोडलेली रस्त्याची रुंदी कुठल्याच शिक्क्याने परत येत नाही. अशा वस्तीत मुलं खेळतात ती रस्त्यावर, आणि लग्नाचा मांडवही रस्त्यावर.

"आपल्याला न विचारता" या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. एका प्लॉटवरची एक इमारत नियमात बसत असेल तर तिच्यासाठी शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण खरं आहे. आपल्याला विचारलं जातं ते त्याच्या कितीतरी आधी, विकास योजना बनते तेव्हा.

विकास योजना, लोकांच्या भाषेत डीपी, म्हणजे शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा. कुठला रस्ता किती रुंद, बाग कुठे, शाळेचं आरक्षण कुठे, कुठलं शेत पिवळं म्हणजे निवासी आणि कुठलं हिरवं म्हणजे शेतीचं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे या योजनेचा प्रारूप नकाशा तयार झाला की तो कलम 26 खाली जाहीर करावा लागतो आणि नागरिकांना हरकती-सूचना द्यायला 30 दिवस मिळतात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. त्या 30 दिवसांत दिलेल्या साध्या कागदाला जेवढं वजन असतं, तेवढं नंतरच्या मोर्चाला राहत नाही. आणि नेमक्या त्याच महिन्यात आपलं लक्ष नसतं. सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलंय ते वकील घेऊन हजर असतात. ज्यांच्या मुलांना त्या आरक्षणावर खेळायचं असतं, त्यांच्यातलं कुणी तिथे नसतं.

आरक्षणाला मुदतही असते. अंतिम योजना लागू होऊन 10 वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे न्यायाचंच आहे; कुणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवायची नाही. पण त्या बागेची वाट पाहणाऱ्या मोहल्ल्याला बाग गेल्याचं कळतं ते थेट पाया खोदताना. आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठली आरक्षणं आहेत, हे प्रत्येक कॉलनीत निदान दोन माणसांना तोंडपाठ असावं असं मला मनापासून वाटतं. खेड्यात ग्रामसभा भरते. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात 2009 मध्ये आली, पण आमच्या कॉलनीत ती भरलेली मी अजून बघितली नाही.

खानदेशाला आखलेल्या शहराची ओळख नाही असंही नाही. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने 1819 मध्ये धुळं हे जिल्ह्याचं ठाणं केलं, आणि तिथल्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. गल्ली नंबर 4 म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही.

नव्या इमारतीत जे राहायला येणार आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅट 8 पेक्षा जास्त असतील, तर प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदवावा लागतो. दोन्हींपैकी एक जरी मर्यादा ओलांडलेली नसेल तरी नोंदणीतून सूट मिळते. आमच्या भागातल्या कितीतरी इमारती 300 चौरस मीटरच्या प्लॉटवर उभ्या राहतात, त्यामुळे त्या नोंदणीबाहेर राहू शकतात. अशा वेळी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद स्वतःच बघायला लागतात. दुसरी गोष्ट पाण्याची. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. लहान प्लॉटला सक्ती नाही, पण जिथे नळाला रोज पाणी येत नाही आणि प्रत्येक इमारत आल्याबरोबर आधी बोअर मारते, तिथे गच्चीवरचं पाणी गटारात सोडणं परवडणारं नाही. एकाच खडकातून सगळे पाणी ओढतात. नव्या बोअरला पाणी लागलं आणि शेजारची जुनी बोअर मार्चमध्येच धापा टाकायला लागली, हे आम्ही अनुभवलंय.

माणसं बदलली की मोहल्ला तुटतो, असं आमच्या कॉलनीतले काही जण म्हणतात. मी गेल्या श्रावणात जे बघितलं ते वेगळं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची कानबाई, तिला नथ-दागिने, समोर रोट. रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा, म्हणून पुण्या-मुंबईची सगळी भावकी त्या दिवशी गावात. ज्या कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी घर देऊन त्याच जागी दोन फ्लॅट घेतले, त्यांच्यापुढे प्रश्न होता, चाळीस माणसं बसवायची कुठे? दोन खोल्यांत देवी बसली असती, भावकी बसली नसती. त्यांनी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या दोन दिवस ओपनकडेला लावायला सांगितल्या. वरच्या मजल्यावर एक कुटुंब अमरावतीकडचं, एक बिहारचं, एक बोहरी. कुणीही ना म्हटलं नाही. रात्रभर पार्किंगमध्ये गाणी चालली. सोमवारी सकाळी बायका डोक्यावर पाट घेऊन विसर्जनाला निघाल्या, तेव्हा बिहारच्या वहिनी फुगडी कशी घालतात ते विचारत होत्या आणि जिजी त्यांचे हात धरून शिकवत होत्या.

ते पार्किंग मोकळं होतं म्हणून हे झालं. नकाशात पार्किंग दाखवून नंतर तिथे दुकानाचे गाळे काढले असते, तर कानबाई दोन खोल्यांतच राहिली असती. पार्किंगची जागा दुसऱ्या कामाला वापरणं नियमाविरुद्ध आहे, एवढं तरी तिथे राहणाऱ्याने धरून ठेवायला हवं.

पत्र्यांमागच्या इमारतीचं नकाशाप्रमाणे काम चालू आहे. आम्ही त्या बिल्डरकडे चौघे जण गेलो होतो. नियमात नसलेली एक गोष्ट मागायला गेलो, म्हणून हात जोडूनच बोललो. ओटा रस्त्यावर नको, ते आम्हाला पटलंय. पण कोपऱ्यावर कंपाउंडची भिंत दोन फूट आत घ्या, आणि त्या दोन फुटांत, तुमच्याच जागेत, एक दगडी बाक बांधा. पुढची जागा तुम्हाला तशीही मोकळी सोडायचीच आहे. तो "बघू" म्हणाला. चहा पाजला, आणि काही कबूल केलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मजुरांनी कंपाउंडची फक्की मारली. जिजी दूध घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या. मला हाक मारून बोलावलं. चुन्याची पांढरी रेघ गेटापासून सरळ येत होती आणि कोपऱ्याशी आल्यावर आत वळली होती. मी टेप आणली. 61 सेंटिमीटर भरलं. जिजींनी पिशवी खाली ठेवली, आणि रेघेच्या बाहेर, मातीतच, बसून बघितलं.